देवळालीचे कापरेकर गुरुजी आणि आपलं २०२५ साल

स्मरणिका समितीने यंदा मला लेख मागितला, तेव्हा एक अटही घातली. गणितावर लिहा, पण लोकांना झोप येईल असं लिहू नका. तीस वर्षं अकोला जिल्ह्यातल्या शाळांमध्ये गणित शिकवून मी अमरावतीत या सोसायटीत राहायला आलो, त्यामुळे ही अट मला नवी नाही. सोसायटीची नोंदणी, बोअरवेलची कहाणी, लिफ्ट कशी आली, हे सगळं इतर मंडळी लिहिणारच आहेत. मी आपल्या रौप्यमहोत्सवी सालाबद्दल लिहितो, आणि त्या निमित्ताने एका शाळामास्तरांबद्दल.

२०२५ ही संख्या जरा डोळ्यांसमोर आणा. मधोमध चिरा. एकीकडे २०, दुसरीकडे २५. दोन्हींची बेरीज ४५. आता ४५ चा वर्ग करा. ४५ गुणिले ४५ बरोबर २०२५. म्हणजे ४५ चा वर्ग केला, त्याचे दोन तुकडे केले आणि तुकडे पुन्हा जोडले, तर ४५ च हाती येतात. अशा संख्यांना जगभरातले गणिती कापरेकर संख्या म्हणतात. मराठी आडनाव आहे हे. ज्यांचं हे आडनाव, ते कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. आपला रौप्यमहोत्सव नेमका त्यांच्या सालात आला आहे, तेव्हा त्यांची ओळख करून घ्यायला याहून चांगला मुहूर्त नाही.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आई ते आठ वर्षांचे असतानाच गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. आईवेगळ्या मुलाला वडिलांकडून मिळाली ती ही आकड्यांची सोबत. भविष्य सोडून द्या, पण बेरीज-वजाबाकी-भागाकार हा खेळ होऊ शकतो, हे त्या मुलाला घरातच कळलं. शाळा ठाण्याला झाली. तिथेही कोडी सोडवण्यात आणि लांबलचक आकडेमोडीला जवळची वाट शोधण्यात त्याचे तासन्‌तास जायचे.

पुढे पुण्याचं फर्ग्युसन महाविद्यालय. तिथे १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक त्यांनी मिळवलं. विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने केलेल्या गणिती कामासाठी ते दिलं जाई. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि शिक्षण तिथेच थांबलं. पुढची पदवी नाही, संशोधनाचं रीतसर शिक्षण नाही, मार्गदर्शक नाही. १९३० साली ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ साली तिथूनच निवृत्त झाले. बत्तीस वर्षं एक गाव, एक पेशा. सायकलवरून फिरायचं, मुलांना शिकवायचं, शिकवण्या घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात आकडे मांडत बसायचं.

देवळाली आपल्याला परकी नाही. बडनेऱ्याहून मुंबईची गाडी धरली, की मूर्तिजापूर, अकोला, शेगाव, भुसावळ, मनमाड करत नाशिकरोड येतं आणि लगेच पुढे देवळाली. आपल्यापैकी कितीतरी जण त्या स्टेशनवरून झोपेत गेले असतील. त्याच मार्गावर आणखी पुढे, कल्याणनंतर डोंबिवली लागते. या डोंबिवलीचं नावही कापरेकरांनी गणितात नेऊन ठेवलं आहे. १९२३ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, जीआयपी रेल्वेच्या त्या स्टेशनावर त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली. स्टेशनाचं नाव तेव्हा इंग्रजीत डेम्लो असं घेतलं जाई, म्हणून त्यांनी त्या संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं. थोर माणसांची नावं देण्याऐवजी स्टेशनाचं नाव देणारा हा माणूस.

डेम्लो संख्या म्हणजे काय? १६५ घ्या. पहिला १, शेवटचा ५, बेरीज ६, आणि मधे ६ बसलेलाच आहे. २५५३ घ्या. २ आणि ३ मिळून ५, मधे दोन पाच. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७, मधे तीन सात. दोन टोकं मिळून जो अंक होतो तोच मधे भरलेला. यातूनच पुढे ते एका फार देखण्या कुळापाशी पोचले. नुसत्या एकांच्या संख्या घ्या आणि त्यांचे वर्ग करा. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. असं करत नऊ एकांपर्यंत जा. १११११११११ चा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या, डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. चढत गेली, नवापाशी टेकली, उतरत आली. दहा एक घेतले की मात्र हातचा येतो आणि ही सुंदर शिडी मोडते. ते का मोडतं, हे पाचवी-सहावीतल्या मुलालाही कागदावर गुणाकार मांडून पाहता येतं. कापरेकरांच्या गणिताचा हा मोठा गुण. दार इतकं बुटकं, की मूलही आत जाऊ शकतं. आत गेल्यावर घर किती मोठं आहे, ते हळूहळू कळतं.

आता पुन्हा आपल्या ४५ कडे येऊ. अशा आणखी संख्या आहेत का? आहेत, पुष्कळ. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ बरोबर ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळवा, २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळवा, ७०३. आणि एक मोठी संख्या सांगतो, १४२८५७. ही संख्या बऱ्याच जणांना ओळखीची वाटेल. १ ला ७ ने भागलं की दशांश चिन्हानंतर हेच सहा अंक पुन्हापुन्हा येत राहतात. तिला २ ने, ३ ने, ४ ने, ५ ने, ६ ने गुणा, तेच सहा अंक फेर धरून येतात: २८५७१४, ४२८५७१, असे. ७ ने गुणलं की ९९९९९९. एवढं कौतुक कमी होतं म्हणून की काय, ही संख्या कापरेकर संख्याही निघाली. तिचा वर्ग आहे २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करा आणि मिळवा. १४२८५७.

हे असं का होतं, हेही सांगायला हवं. नाहीतर ही नुसती जादू होईल, आणि गणित जादू नसतं. ४५ पुरतं बघू. २०२५ म्हणजे वीस शंभर आणि पंचवीस. वीस शंभरांच्या जागी आपण नुसते वीस घेतले, म्हणजे प्रत्येक शंभरातून ९९ टाकून दिले. एकूण टाकले २० गुणिले ९९, म्हणजे १९८०. २०२५ मधून १९८० गेले, उरले ४५. याचा अर्थ, वर्गातून मूळ संख्या वजा केली तर जे उरतं त्याला ९९ ने पूर्ण भाग जायला हवा. ४५ चा वर्ग वजा ४५ म्हणजे ४५ गुणिले ४४. आता ४५ मध्ये ९ लपले आहेत, ४४ मध्ये ११ लपले आहेत, आणि ९ गुणिले ११ बरोबर ९९. बस्स, एवढंच गुपित आहे. शेजारी राहणाऱ्या दोन संख्यांनी मिळून ९९ चा भार वाटून घेतला. ५५ आणि ५४ यांनीही तेच केलं. ७०३ आणि ७०२ यांनी ९९९ चा भार वाटून घेतला: ७०३ मध्ये ३७, ७०२ मध्ये २७. सोसायटीत राहणाऱ्यांना हे समजायला अवघड जाऊ नये.

पण कापरेकरांचं नाव जगात झालं ते ६१७४ मुळे. १९४६ साली त्यांना हे सापडलं असं सांगतात, १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं, आणि १९५५ साली न्यूयॉर्कच्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात ते छापून आलं. गोष्ट अशी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करा. चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करा. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तसंच करा. जास्तीत जास्त सात वेळा केलंत की ६१७४ येतं. आणि एकदा आलं की हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४ च.

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. करून बघू. २००० वजा ०००२ बरोबर १९९८. मग ९९८१ वजा १८९९ बरोबर ८०८२. मग ८८२० वजा ०२८८ बरोबर ८५३२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. चार पायऱ्या. आता यंदाचं साल, २०२५. ५२२० वजा ०२२५ बरोबर ४९९५. ९९५४ वजा ४५९९ बरोबर ५३५५. ५५५३ वजा ३५५५ बरोबर १९९८. म्हणजे तिसऱ्या पायरीला दोन्ही सालं १९९८ वर भेटली, आणि तिथून पुढची वाट तीच. एकूण सहा पायऱ्या. गुरुजींचं जन्मसाल १९०५ घेतलं तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात. सगळ्यांत लांबची वाट त्यांच्याच सालाला लागते.

आपल्या पार्किंगमध्ये एमएच २७ च्या गाड्या आहेत, अकोल्याहून आलेल्या मंडळींच्या एमएच ३० च्या आहेत. पुढचे चार आकडे घेऊन पोरांना बसवा. सगळ्या गाड्या ६१७४ ला जाऊन लागतात. वऱ्हाडातल्या लोकांना सांगायचं तर, जिनिंगमध्ये कोणत्याही शिवारातला कापूस टाका, पलीकडे रुईच निघते, तसं.

यातही कारण आहे, आणि ते फार अवघड नाही. चार अंकांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांच्यातला फरक एक, आणि मधल्या दोघांमधला फरक दुसरा. वजाबाकीचं उत्तर फक्त या दोन फरकांवर ठरतं: पहिला फरक गुणिले ९९९, अधिक दुसरा फरक गुणिले ९०. मूळ अंक कोणते होते याला काही किंमत नाही. पहिला फरक १ ते ९ पैकी असतो, दुसरा त्याच्याहून मोठा होऊच शकत नाही. मोजून पाहिलं तर अशा जोड्या फक्त ५४. म्हणजे हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ गल्ल्यांत येऊन उभ्या राहतात. त्या ५४ गल्ल्या एकेक करून तपासल्या की झालं. ६१७४ मध्ये ७ आणि १ चा फरक ६, ६ आणि ४ चा फरक २. सहा गुणिले ९९९ म्हणजे ५९९४, दोन गुणिले ९० म्हणजे १८०. मिळवा, ६१७४. ती आपल्याच गल्लीत राहते.

मी शिकवत असताना ऑफ तासाला हे फळ्यावर मांडायचो. आठवीतल्या एका पोट्ट्याने एकदा मला भरवर्गात अडवलं. बाप जिनात हमाली करायचा, याचे पाढे कच्चे, मागच्या बाकावर बसणारा. तो म्हणाला की गुरुजी, हे खोटं आहे, २१११ ला जमत नाही. २१११ वजा १११२ बरोबर ९९९, आणि ९९९ चं पुढं काहीच होत नाही, शून्य येतं. सगळा वर्ग हसला. मी त्यालाच फळ्याशी बोलावलं आणि विचारलं की आपण चार अंकी खेळ खेळतोय ना, मग चौथा अंक कुठं गेला? तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने ९९९ च्या डावीकडे शून्य लिहिलं. ०९९९. मोठ्यात मोठी ९९९०, वजा ०९९९, बरोबर ८९९१. पुढे तो एकटाच करत गेला आणि ६१७४ वर थांबला. त्या दिवशी कोणी हसलं नाही. पुढे तो काही गणिती वगैरे झाला नाही. मोटारपंप दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि बरा कमावतो. पण डावीकडच्या शून्याचीही जागा सोडायची नसते, हे त्या वर्गाला माझ्या व्याख्यानाने कळलं नसतं. पाढे कच्चे असलेला मुलगा मास्तरला खोटं पाडू बघतो, ही ताकद कापरेकरांच्या एका संख्येत आहे.

गुरुजींचा आणखी एक शोध मला सर्वांत जवळचा वाटतो. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ मध्ये ४ आणि ७ मिळवले की ५८. म्हणजे ४७ ही ५८ ची जन्मदाती. काही संख्यांना दोन जन्मदात्या असतात. आपल्याकडे पहिल्या मजल्यावरचा पहिला फ्लॅट १०१. ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१, आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१. दोन जन्मदात्या असणारी ही सर्वांत लहान संख्या. २०२५ लाही दोन आहेत, १९९८ आणि २०१६. पण काही संख्यांना जन्मदातीच नसते. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून या तयार होत नाहीत. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू संख्या म्हटलं. आपल्याकडे स्वयंभू हा शब्द देवाच्या मूर्तीसाठी वापरतात, कोणी न घडवलेली, आपोआप प्रकटलेली. जगात या संख्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे. नाशिकजवळचं एक गाव गणिताच्या कोशात जाऊन बसलं ते असं. आई लवकर गेलेल्या, मार्गदर्शकाशिवाय काम केलेल्या माणसाला या संख्या सापडाव्यात, याचं मला नवल वाटत नाही. १९९६ हे गेल्या शतकातलं शेवटचं स्वयंभू साल होतं, त्यानंतरचं २००७. त्या वर्षी जन्मलेली आपल्या सोसायटीतली पोरं आता कॉलेजात आहेत.

हर्षद संख्याही त्यांच्याच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी संख्या म्हणजे हर्षद, हर्ष देणारी. २०२५ च्या अंकांची बेरीज ९, भागाकार २२५. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे ७ गुणिले ७ गुणिले ७. दोन्ही हर्षद.

आता दुसरी बाजू. हे सगळं करत असताना आपल्याकडच्या गणिती मंडळींनी त्यांना कसं वागवलं? बरेच जण त्यांचं काम पोरखेळ समजत. अंकांशी खेळणं म्हणजे गणित नव्हे, असा एक समज होता. त्यात पूर्ण चूक होती असंही नाही. अंक हे संख्येचे कपडे आहेत. दहाच्या ऐवजी आठाच्या हिशेबाने लिहिलं तर ६१७४ ची गंमत उरत नाही. पण म्हणून तिच्यामागचं कारण खोटं ठरत नाही, आणि ते कारण शोधणं हे गणितच. कापरेकर परिषदांना जात, जमेल तिथे लेख पाठवत. मोठी नियतकालिकं क्वचित मिळत, म्हणून लहान नियतकालिकांत लिहीत, आणि पुष्कळदा स्वतः पुस्तिका छापत. शाळामास्तरच्या पगारात. त्यांच्या कामाला पैसे मिळत नव्हते आणि ते कोणी मागितलेलंही नव्हतं.

मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. ते सदर तेव्हा जगभर वाचलं जायचं. देवळालीचे गुरुजी एकदम जगाच्या ओळखीचे झाले. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं. नोकरी संपून तेरा वर्षं झाली होती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं.

आणि या दोन्हींच्या मधली वर्षं कशी होती? १९६६ साली त्यांच्या पत्नी वारल्या. राहणी अगदी साधी, खर्च जेमतेम, तरी पेन्शन पुरेना. म्हणून निवृत्तीनंतरही ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत राहिले. आपल्या सोसायटीत पेन्शनवर जगणारी बारा-पंधरा घरं आहेत, त्यांना या वाक्याचा अर्थ फोड करून सांगायला नको. जोडीदार गेल्यावर घर कसं लागतं, तेही काहींना माहीत आहे. साठी उलटलेला एक माणूस, दिवसा दुसऱ्यांच्या मुलांना त्रैराशिक शिकवतो आणि रात्री एकटाच स्वयंभू संख्यांच्या याद्या करतो. कॅल्क्युलेटर नाही, संगणक नाही. पेन्सिल आणि पाठकोरे कागद. १९८६ साली ते गेले. शेवटपर्यंत आकडे सुटले नाहीत.

मला नेहमी एक प्रश्न विचारतात. विद्यार्थी विचारत, आता आपल्याच सोसायटीतले पालक विचारतात. याचा फायदा काय? ६१७४ माहीत असून परीक्षेत किती मार्क मिळतात? मी सरळ सांगतो. शून्य. तिच्यावर पूल बांधता येत नाही, नोकरी लागत नाही. पण अमरावतीत काय, अकोल्यात काय, सकाळी सहाला पाठीवर दप्तरं टाकून क्लासला निघालेली मुलं मी रोज बघतो. लाखभर फी भरलेली असते. त्यांना गणित येतं, उत्तरही येतं, पण हे असं का, हे विचारायला वेळ नसतो. दहावी झाली की निम्मी मुलं गणिताचं नाव टाकतात, आणि जी ठेवतात त्यातली बरीच धास्तीनेच ठेवतात. तीस वर्षं हा विषय शिकवलेल्या माणसाला हे बघवत नाही. कापरेकर गुरुजींकडे द्यायला फी नव्हती, पुढची पदवी नव्हती, क्लास नव्हता. फक्त हे असं का, एवढा प्रश्न होता, आणि तो त्यांना डोंबिवलीच्या स्टेशनापासून देवळालीतल्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरला.

म्हणून या रौप्यमहोत्सवात माझी एक सूचना आहे, आणि कार्यकारिणीकडे ती मी लेखीही दिली आहे. आपला तळमजल्यावरचा हॉल रविवारी सकाळी रिकामाच असतो. दहा ते अकरा एक तास तो मुलांसाठी उघडा ठेवावा. फी नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. एक फळा मी माझ्या खर्चाने आणतो. पाचवीपासून पुढचं कोणतंही मूल चालेल. आजी-आजोबा आले तर फारच बरं, त्यांची तोंडी वजाबाकी आजच्या मुलांपेक्षा चांगली आहे. पाढे कच्चे असलेल्यांनी मुद्दाम यावं. सोसायटीतल्या इतर निवृत्त शिक्षकांनी आणि इंजिनिअर मंडळींनी आळीपाळीने एकेक रविवार घेतला तर कोणावरच भार पडणार नाही.

पहिल्या रविवारचा विषय ठरलेला आहे. तीन अंकी संख्या घेऊन तीच उलटसुलट वजाबाकी करायची. तिथेही सगळ्या वाटा एका संख्येवर येतात, फक्त ती ६१७४ नसते. कोणती, ते मी इथे लिहीत नाही. घरी करून बघा, आणि डावीकडचं शून्य विसरू नका. सोबत पेन्सिल आणि पाठकोरे कागद आणावेत. चहाची व्यवस्था हॉलमध्ये केली आहे.